हाकेला वळलेला शिपाई

मित्रांनो, मी एका तरुण शिपायाचे जुने डोके आहे. फक्त डोके. खाली खांदे नाहीत, छाती नाही, आणि डावा कानही नाही. मी प्लास्टरचा आहे. गणपतीच्या दिवसांत तुम्ही ज्याला पीओपी म्हणता, तेच हे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यातले पॅरिस खरोखरीचे आहे. त्या शहरातल्या एका टेकडीच्या पोटात पांढरा, ठिसूळ दगड होता. तो खणून, भाजून, दळून माझे पीठ झाले. आज मी भोरमध्ये एका लाकडी टेबलावर आहे आणि माझा रंग शेंदरी आहे. मी पांढऱ्याचा शेंदरी कसा झालो, हे आठवले की मला अजूनही धक्का बसतो.

मला घडवणाऱ्याचे नाव लुसियाँ मारांद. बाप गवंडी होता. लहानपणी लुसियाँ बापाच्या हाताखाली लोकांच्या छतांना प्लास्टरची फुले चिकटवत असे. पुढे पॅरिसला एका मोठ्या शिल्पकाराकडे तो नोकरीला राहिला. तिथे कित्येक वर्षे त्याने नुसते हात आणि पाय केले, कारण चेहरे मालक स्वतः करायचा. स्वतःचे असे पहिले स्मारक त्याला मिळाले, ते एका खेड्यातल्या डॉक्टरचे. पटकीच्या साथीत हा डॉक्टर घरोघर फिरला होता. लुसियाँने त्याला खुर्चीत बसवले नाही. जिना चढताना दाखवले, एक पाय वरच्या पायरीवर, हातात पिशवी. नंतर एका बाजारातल्या कारंज्यावर त्याने धुणे पिळणारी बाई केली. तिच्या हातातल्या कापडातून पाणी गळत राही. बाजाराला आलेल्या बायका तिच्या पायाशी टोपल्या टेकवून पाव खात. लुसियाँला त्याचा फार अभिमान वाटे. स्मारकाला टेकून कुणी जेवले, की ते गावाचे झाले, असे तो म्हणे.

मग पहिले महायुद्ध आले. लुसियाँचा एकुलता मुलगा रने त्यात गेला. परत आला नाहीच, पण त्याचे प्रेतही सापडले नाही. युद्ध संपल्यावर गावोगाव मेलेल्या सैनिकांची स्मारके हवी झाली आणि लुसियाँला कामाची कमतरता राहिली नाही. मुलगा गेला आणि बापाचा धंदा भरभराटीला आला. याची त्याला शिसारी येई. लोकांना शिपाई हवा असे तो छाती काढलेला, बंदूक उगारलेला, पीळदार मिशीचा. त्याने तसे अनेक करून दिले. एका लहानशा गावाने मात्र काहीच अट घातली नाही. त्या गावासाठी त्याने मला केले.

माझ्या डोक्यावर शिरस्त्राण नाही. पूर्ण पुतळ्याचे हातही रिकामे होते. मान तेवढी मागे वळलेली, पाठीमागून कुणी हाक मारावी तशी. चेहरा रनेचा. गावचा महापौर कार्यशाळेत आला, माझ्याभोवती फिरला आणि म्हणाला, "हा जिंकलेला दिसत नाही."

लुसियाँ म्हणाला, "तो जिंकलेला नाही. तो घरी आलेला नाही."

महापौराने टोपी काढली आणि काम मंजूर केले. माझ्यावरून साचा घेतला गेला, कांस्य ओतले गेले, आणि माझा कांस्याचा भाऊ त्या गावच्या चौकात उभा राहिला. बाकीचे प्लास्टर मोडीत गेले, डोके तेवढे, म्हणजे मी, कार्यशाळेच्या फळीवर राहिलो.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा शत्रूने देश व्यापला. तोफांना धातू हवा होता, म्हणून चौकाचौकांतले कांस्याचे पुतळे उतरवायचा हुकूम निघाला. लुसियाँचा डॉक्टर गेला. धुणे पिळणारी बाई गेली. युद्धात मेलेल्यांच्या स्मारकांना मात्र हात लावायचा नव्हता, म्हणून माझ्या भावाबद्दल तो निर्धास्त होता. पण मोजदादीला आलेल्या कारकुनाने पाहिले, की डोक्यावर शिरस्त्राण नाही, हातात बंदूक नाही. त्याने टिपून घेतले, "अनोळखी इसमाचा पुतळा." मग मानेत दोर अडकवून माझ्या भावाला चौथऱ्यावरून खाली ओढले. लुसियाँ आगगाडीने धावत तिथे पोचला, तेव्हा चौथरा रिकामा होता. रात्रभर प्रवास करून तो परत आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तुला दुसऱ्यांदा नेले रे."

त्यानंतर त्याने माती भिजवली नाही.

त्याच्या अगदी म्हातारपणी भोरचा एक तरुण शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला आला. त्याचे नाव प्रद्युम्न. तो लुसियाँचा जिना झाडायचा, वर कोळसा आणून द्यायचा आणि बदल्यात चेहरा कसा वाचायचा ते शिकायचा. त्याची परतायची वेळ आली तेव्हा लुसियाँने मला फळीवरून काढले आणि त्याच्या हातात दिले. म्हणाला, मी मेलो की हे सारे कचऱ्यात जाईल, तुझ्या घरात तरी हा राहील. प्रद्युम्नने आपल्या एकुलत्या लोकरी कोटात मला गुंडाळले. बोटीवर लोक विचारत, हा कोण? तो सांगे, माझा गुरुबंधू.

भोरला तो चित्रकलेचा शिक्षक झाला. आसपासच्या गावांसाठी पुतळेही करू लागला. मिशी जरा मोठी करा, रंग जरा उजळ द्या, असे सांगणारे त्यालाही भेटलेच. मला त्याने आपल्या खोलीत दाराकडे तोंड करून ठेवले. एकदा घर बदलताना टेम्पोत माझा डावा कान तुटून पडला. त्याने हौद्यात ओणवे होऊन शोधला, सापडला नाही. नवा कान करणे त्याला सहज जमले असते, पण त्याने केला नाही. गुरूच्या हातचे जे गेले ते गेले, म्हणाला. त्याची मुलगी मिताली माझ्यासमोर बसून कविता पाठ करी. विसरली, की माझ्याकडे रोखून बघे, जणू पुढची ओळ मीच लपवली आहे.

मिताली मोठी झाली, पुण्याच्या महाविद्यालयात शिकवू लागली. प्रद्युम्न थकला. त्याची विधवा बहीण कुंदा त्याच्याजवळ राहत होती. अशात एके दिवशी फ्रान्समधून फोन आला. माझ्या भावाच्या गावची ग्रंथपाल, सोलांज नावाची बाई, माझा माग काढत इथवर पोचली होती. गावचा चौथरा अजून रिकामाच होता. माझ्यावरून नवा पुतळा ओतायचे गावाने ठरवले होते. प्रद्युम्न पुनःपुन्हा सांगत राहिला, मी त्याला मांडीवर घेऊन येतो. पण पासपोर्ट हातात यायच्या आधीच त्याचे हृदय थकले. दवाखान्यात मितालीचा हात धरून तो एवढेच म्हणाला, "त्याला पोचव." ती म्हणाली, "पोचवते, बाबा."

चौदावा दिवस झाला आणि मिताली नोकरीसाठी पुण्याला परतली. गणपती झाले, की खोके आणि स्पंज घेऊन मला न्यायला येणार होती.

आता जे सांगतो त्यात कुणाचीच दुष्टबुद्धी नव्हती, मित्रांनो. धक्का त्याचाच बसतो. कुंदाआत्या भावाची खोली आवरत होत्या. फळीवर मी, कान तुटलेला. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यातून घरात नुकताच मृत्यू झालेला. मी कोण, हे प्रद्युम्नने त्यांना कधी धड सांगितलेच नव्हते. गुरुबंधू म्हणाला की त्याचे सांगून झाले. अनंत चतुर्दशीला आत्यांनी मला पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. निरोपाला गणपतीच्या हातावर दही घालतात. मला हात नाहीत, म्हणून दह्याचे बोट त्यांनी माझ्या ओठांना लावले. मला वाटले, ही प्रवासाचीच तयारी चालली आहे.

घाटावर स्वयंसेवक प्लास्टरच्या मूर्ती नदीत सोडू देत नव्हते. आजी, हौदात द्या, म्हणाले. दादाची लाडकी वस्तू चारचौघांच्या ढिगात टाकायला आत्यांचे मन होईना. त्यांनी शेजारच्या अमृतची रिक्षा भाटघर धरणाच्या फुगवट्याकडे वळवायला लावली. काठाशी गुडघाभर पाण्यात उतरल्या, हात जोडले आणि मला सोडले. मानेखालच्या पोकळीतून पाणी आत शिरले. मी बुडालो. वर झेंडूचा हार तेवढा तरंगत राहिला.

पुढचे मी पाण्याखाली असताना घडले. मितालीच्या तोंडून ते मला नंतर समजले. ती खोके घेऊन आली. फळी रिकामी.

"आत्या, इथला चेहरा कुठाय?"

"विसर्जन केलं गं त्याचं. अगदी शास्त्राप्रमाणे. हौदात नाही हो टाकू दिला, दादाचा होता ना."

मितालीने फळीची कड धरली. आत्या चहाचे विचारत होत्या. मग तिने खोके खाली ठेवले आणि मी कोण, ते आत्यांना सुरुवातीपासून सांगितले. आत्या ऐकत गेल्या. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"मला कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या.

आत्यांना मितालीनेही सांगितले नव्हते.

दोघी अमृतच्या रिक्षाने काठावर गेल्या. धरण तुडुंब होते. गावातल्या पोरांनी बुड्या मारल्या, हाताला नुसता गाळ लागला. मितालीने सोलांजला फोन करून खरे ते सांगितले. मग सोलांजने विचारले, "फुले होती का?" मिताली म्हणाली, होती. "इथून त्याच्या भावाला नेले, तेव्हा नव्हती," सोलांज म्हणाली.

चैत्र-वैशाखात धरण उतरते आणि खालची जमीन उघडी पडते. काठची माणसे त्या गाळात पेरणी करतात, त्याला गाळपेर म्हणतात. बाळाबाई नावाची बाई आपल्या गाळपेरीत वाफे करत होती. तिच्या खुरप्याला मी लागलो. तिने मला उपसले, पदराने पुसले आणि दचकून हातातून टाकले. मग पुन्हा जवळ आली.

"कुनाकडं मागं बगतुयास रं?" असे म्हणून तिनेही मागे वळून पाहिले.

तेवढ्यात वरच्या वाटेने तिचा दीर धनाजी मोबाईल उंच धरून पळत येत होता. बाळाबाईचा मुलगा ज्ञानू सैन्यात, सरहद्दीवर. बर्फात फोन लागत नव्हता, कितीतरी दिवस त्याची खबर नव्हती. आणि आता फोनवर तोच होता.

झाले. बाळाबाईने मला डोक्यावर घेतले आणि उंबराखालच्या ओट्यावर बसवले. पहिला शेंदूर तिने स्वतः लावला. पावसात टिकावा म्हणून तेलात मेण घातले. तो ऊन लेप माझ्या डोळ्यांत गेला, नाकपुड्यांत गेला. लुसियाँने पापणीवर अंगठा दाबला होता, ती जागाही बुजली. मी पाण्यात गुदमरलो नव्हतो, इथे गुदमरलो. दर अमावस्येला नवा लेप चढे. माझे नाव पडले हाकेचा वीर. ज्यांची माणसे लांब होती, त्या बायका यायच्या, माझ्या पाठीमागे उभ्या राहायच्या आणि आपल्या माणसाच्या नावाने हाक मारायच्या. वेल्ह्याकडून येत, पानशेतकडून येत. एकीचा नवरा टेम्पो घेऊन नसरापूरलाच दारू पीत बसायचा, तीही येऊन हाक मारून गेली. त्याला मात्र ऐकू गेले नाही म्हणे.

अशी दोन वर्षे गेली. मग आठवडी बाजारात कुंदाआत्यांच्या कानावर आले, की धरणाच्या काठी एक वीर आहे, मान वळलेली, एक कान नाही. त्या भाजी न घेताच घरी आल्या आणि त्यांनी मितालीला फोन लावला.

दोघी उंबराखाली आल्या तेव्हा मी मितालीला पाहू शकलो नाही. डोळे बंद होते. पण तिचा आवाज ओळखला, आणि जे दिसले नाही ते तिनेच मला नंतर सांगितले. ती ओट्यासमोर खाली बसली. तिने बाळाबाईला सांगितले, की हा आमच्या घरातला चेहरा आहे, मला तो त्याच्या गावी पोचवायचा आहे.

धनाजी चिडला. "पान्यात सोडला तवा नगं हुता. आमी देव केल्यावर घरचा झाला व्हय? देव म्हंजी टेबलावरचं सामान न्हाई, ताई."

"मी सोडला," कुंदाआत्या म्हणाल्या. "तिनं नाही. तिला ठाऊकही नव्हतं."

बाळाबाईने धनाजीला हाताने गप्प केले. "त्याचं गाव म्हंजी कुठलं?" तिने मितालीला विचारले.

मितालीने सांगितले. लुसियाँ, रने, रिकामा चौथरा, मानेत दोर घालून ओढलेला भाऊ. ती कुठेही आवाज चढवत नव्हती. वर्गात शिकवताना सांगावे तसे एकामागून एक सांगत होती. बाळाबाईने मध्ये एकदाच विचारले.

"म्हंजी ह्यो घरी आलाच न्हाई?"

"नाही, मावशी."

"आन म्या ह्याच्यापाशी ज्ञानूला मागत हुते."

ती ओट्याला टेकून खाली बसली. जो शिपाई युद्धातून परतला नाही, त्याच्याकडे तिने पोटच्या शिपायाची जामीनकी मागितली होती. मितालीला वाटले, आपण या बाईचा आधार काढून घेतला. ती म्हणाली, "मावशी, राहू द्या. मी नेत नाही."

बाळाबाईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ज्याला घरी जाता आलं न्हाई, त्यालाच ठावं घर काय असतंय. म्हनूनच त्यानं माज्या पोराला फोन कराया लावला." ती उठली. "चौथरा अजून मोकळा हाय म्हनलीस?"

"हो."

"मंग त्याची आई का बाप कुनीतरी वाट बगत असंल की. मेल्यावर बी बगत्यात."

दुपारचे ऊन कडक होते, शेंदूर मऊ पडला होता. बाळाबाईने वाटीत तेल कोमट करून आणले. माझ्या हनुवटीखाली, कानाशी, कपाळाच्या रेषेवर ती तेल सोडत गेली आणि बोटांनी कड उचलत गेली. मितालीने दुसरी बाजू धरली. बोटभर जाड झालेले कवच एकसंध सुटले, आणि दोन वर्षांनी माझ्या डोळ्यांवर उजेड पडला.

देव म्हणजे बाळाबाईच्या मनात मिशीवाला, मोठ्या वयाचा, जबरदस्त पुरुष होता.

"आगं," ती म्हणाली, "ह्यो तर पोर हाय. वठावर लव बी न्हाई ह्याच्या."

धनाजीने डोक्यावरची टोपी काढली.

बाळाबाईने कवच उचलले, आतल्या पोकळीत आपल्या गाळपेरीची ओली माती दाबून भरली आणि ते ओट्यावर होते तसे बसवले. तोच रंग, तीच वळलेली मान. "गावचा वीर हितंच हाय," ती म्हणाली. "पोर तेवढं घिऊन जा." मग तिने विचारले, "काय नाव म्हनलीस?"

"रने."

ती माझ्या मागे जाऊन उभी राहिली. "रन्या," तिने शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक मारली, "ए रन्या, चल बाबा घरी."

म्हणून मी आता या टेबलावर आहे. शेंदूर माझ्या छिद्रांत मुरला आहे. मितालीने सोलांजला फोनवर मला दाखवले, तेव्हा ती घाबरून म्हणाली, हे रक्त आहे का? मग समजल्यावर म्हणाली, तसाच आणा, धुऊ नका. परवा आम्ही निघू.

मित्रांनो, तुमच्या चौकात, वेशीपाशी, शाळेच्या आवारात माझ्यासारखा कुणी उभा असेल. त्याला रंग फासण्याआधी, हलवण्याआधी, पाण्यात सोडण्याआधी तो कोण, एवढे विचारा. आणि हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे घरात आहेत तोवर विचारा.

आत्ता आत्या झोपल्या आहेत. उन्हे कलली आहेत. मिताली माझ्यासमोर बसली आहे आणि मला हळू आवाजात विचारते आहे, बाबा पॅरिसला कुठे राहायचे, त्यांना तिथे थंडी सोसवायची का, घरची आठवण आली की ते काय करायचे. मला सगळे ठाऊक आहे. पण तोंड माझे प्लास्टरचे आहे.